येते तेवढी तेलुगू

सोमवार, २ डिसेंबर

इथे येऊन आठवडा झाला. वर्तमानपत्रात असताना रोज दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट करावं लागे. निवृत्तीनंतर ते गेलं, आता स्वतःचं लिहून बघते.

मानसीला चौथा महिना आहे. गेल्या वर्षीचं तिसऱ्या महिन्यातच गेलं. त्याबद्दल आम्ही बोलत नाही, पण मी पुण्याहून इतक्या लवकर का आले हे तिला माहीत आहे. ती घरूनच काम करते. दिवसभर बंद दारामागे इंग्रजी बैठका चालू असतात. जावई हर्षवर्धन सकाळी गच्चीबावलीला ऑफिसला जातो तो अंधार पडल्यावर येतो. वरच्या मजल्यावर विहीणबाई, तारामतीबाई. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून इकडचं. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' असतं, आणि माझं मराठी ऐकून त्या म्हणतात, "तुम्ही बातम्या वाचल्यासारकं बोलताव."

नल्लकुंट्यात, आमच्या या वस्तीत, भाजीवाली दारावर येते. तिच्याकडून आज दोन शब्द मिळाले. 'कावालि' म्हणजे हवं, 'वद्दु' म्हणजे नको. बसमध्ये उतरणारे 'आपु, आपु' ओरडतात, ते 'थांबव'. भाषा अशीच रस्त्यावर शिकावी. मानसी सहा वर्षं इथे राहून सगळ्यांशी हिंदीच बोलते.

"तुला एवढंही येत नाही?" मी म्हटलं.

"माझं भागतं, आई."

गुरुवार, ५ डिसेंबर

बरकतपुऱ्याला दवाखान्यात गेलो. डॉ. त्रिवेणी मोजकं बोलतात. मानसीला आठव्या वर्षापासून दमा आहे. तिचे दोन पंप आहेत. एक सकाळ-संध्याकाळ नेमाने घ्यायचा, दम लागूच नये म्हणून. दुसरा निळा, दम लागला तर.

"रोजचा पंप चालू ठेवू ना?" तिने विचारलं.

"माझ्या मते ठेवायचा. पण डोस तुमच्या छातीच्या डॉक्टरांनी ठरवलाय. त्यांच्याशी बोलून दोन दिवसांत कळवते. तोवर काही बदलू नका."

"बाळाला काही..."

"या पंपाचं औषध मुख्यतः फुप्फुसात काम करतं. रक्तात फार थोडं जातं."

मानसीने हाच प्रश्न आणखी दोनदा वेगळ्या शब्दांत विचारला. डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मग पिशवीतलं सगळं टेबलावर काढायला सांगितलं. तारामतीबाईंनी दिलेलं पित्ताचं चूर्ण बाजूला ठेवलं, डोकेदुखीची एक गोळी बाजूला ठेवली, आणि सांगितलं, "स्वतःहून काही सुरू करायचं नाही. स्वतःहून काही बंदही करायचं नाही."

मी आरोग्य पुरवणी बघत असे. गरोदरपणात औषध जितकं कमी तितकं बरं, हे वाक्य आम्ही अनेकदा छापलं. डॉक्टरांसमोर बोलले नाही.

बाहेर सिस्टर सुजाता एका बाईला तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि बाकावरचे सगळे हसले. मानसीही हसली. चारचौघांत हसावं लागतं.

शनिवार, ७ डिसेंबर

आज माझ्या तेलुगूची परीक्षा झाली आणि मी पास झाले.

मानसी बैठकीत होती. तिचा फोन बाहेर चार्जिंगला लावलेला, तो वाजला. दवाखान्यातून सिस्टर सुजाता. ती हिंदीत सुरू करत होती, पण मी "चेप्पंडि", म्हणजे "सांगा", असं म्हटल्यावर ती तेलुगूत शिरली ती बाहेर आलीच नाही. आता हिंदीत सांगा म्हणायला जीभ उचलेना. शेवटी ती सावकाश म्हणाली, "मॅडमकि चेप्पंडि, इन्हेलर आपोद्दु. रोजू वाडालि."

'आपु' आणि 'वद्दु' हे दोन्ही माझ्याकडे होतेच. थांबवा, नको. 'रोजू वाडालि'ला जरा अडले, पण ते आपल्या 'रोज वाढा'च्या इतकं जवळ आहे की आहाराबद्दलच असणार. "सरे, सरे," म्हणजे बरं, बरं, असं म्हणून फोन ठेवला.

मानसी बाहेर आल्यावर सांगितलं की पंप बंद करायला सांगितलाय.

"नक्की काय म्हणाली? तिचा शब्द सांग."

"आपोद्दु."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा उच्चार चुकला असेल म्हणून मी पुन्हा सावकाश म्हटला.

"म्हणजे काय?" तिने विचारलं.

"थांबवा. नको."

"तुला खात्री आहे?"

"अगदी."

"मग थांबवते. तू म्हणतेस तर."

तिने तिथेच पंप टेबलाच्या खणात टाकला आणि खण पायाने लोटला. किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. संध्याकाळी तिने स्वतःहून साबुदाण्याची खिचडी मागितली.

बुधवार, ११ डिसेंबर

पंपाशिवाय चार दिवस झाले, काही त्रास नाही. उगाच इतकी वर्षं घेत होती की काय, असंही मनात आलं. रोज नीट वाढते. पालक, डाळ, अंडं.

गुरुवार, १९ डिसेंबर

थंडी पडलीय. मानसी आता पाठीशी तीन उशा घेऊन बसल्यासारखी झोपते. चौथ्या-पाचव्या महिन्यात असं होतं का, मला आठवत नाही. माझ्या वेळी मला पाठदुखी होती. पहाटे खोकते. मी हळदीचं दूध देते, ती पिते.

संध्याकाळी गच्चीवर फिरायला जायची, ते बंद केलंय. "जिने नकोसे वाटतात," म्हणाली. बरोबरच आहे, जपायलाच हवं.

मंगळवार, २४ डिसेंबर

तारामतीबाई खाली आल्या. मानसी पाणी द्यायला उठली, स्वयंपाकघरात जाऊन आली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"शोभाताई, हिला दम लागायलाय की," तारामतीबाई म्हणाल्या. "पंप घेत नाही का ही?"

"डॉक्टरांनी बंद केलाय."

"बंद? असं कसं बंद केला?" मग मानसीला, "मी फोन लावू का गं दवाखान्याला? दोन मिंटात विचारते."

"नको, अम्मा," मानसी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात. तपासणी आहेच."

"विचारायला काय जातंय?"

"नको म्हटलं ना." जरा जोरात म्हणाली, आणि मग खोकत राहिली.

तारामतीबाई माझ्याकडे बघत होत्या. सुनेच्या औषधपाण्यात त्यांनी इतकं पडावं हे मला आवडलं नाही. फोन मी घेतला होता, निरोप मी ऐकला होता. तेवढं बोलले नाही, चहा केला.

गुरुवार, २ जानेवारी

तपासणी पुढे ढकलली. ऑफिसचं काहीतरी मोठं काम या पंधरवड्यात बाहेर पडायचंय म्हणे, संक्रांत झाली की जाऊ. हर्षवर्धन म्हणाला, "मी सुट्टी घेतो, चल." ती म्हणाली, "तू सुट्टी घेशील. माझी कोण घेणार?" तो हसला आणि गेला.

दुपारी मला हाक मारली. माझा हात धरून पोटावर ठेवला. आत काहीतरी सरकलं. बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसून होतो. "आहे ना?" तिने विचारलं. "आहे," मी म्हटलं. तिने पुन्हा विचारलं.

गुरुवार, ९ जानेवारी

आज कोठीला जाऊन बाळासाठी मऊ कापड आणलं. येताना रिक्षात भाव तेलुगूत केला. चालकाने मला हिंदीत उत्तर दिलं.

मानसी दोन-दोन शब्दांत बोलते. "हो." "नको." "ठेव तिथे." मी मनाला लावून घेतलं नाही. या दिवसांत स्वभाव बदलतो.

सोमवार, १३ जानेवारी, रुग्णालयात

थोडक्यात लिहिते.

आज भोगी. आपली भोगी म्हणजे तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. इथे पहाटे दारोदारी होळीसारखी आग पेटवतात, जुनं लाकूडसामान, गोवऱ्या. आमच्या गल्लीत तीन पेटल्या होत्या. मी खिडकी उघडून बघत होते. धूर घरात शिरला.

मानसी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज. निळा पंप घेतला, पुन्हा घेतला, उपयोग नाही. ओठ राखाडी दिसायला लागले. हर्षवर्धनने तिला उचलूनच गाडीत घातलं. तारामतीबाई तेलुगूत ओरडत गाडीपुढे धावल्या आणि लोकांनी आगीवर पाणी ओतून गाडीला वाट केली.

ऑक्सिजन लावलाय. वाफेतून औषध, शिरेतून औषध. बाळाचे ठोके लागले. मी ते यंत्रावर ऐकले. चोवीस तास लक्ष ठेवणार आहेत.

मंगळवार, १४ जानेवारी, रुग्णालयात

मानसी बसून पेज प्याली. धोका टळला, असं सांगितलं.

डॉ. त्रिवेणी सकाळी आल्या. सोबत सिस्टर सुजाता. "रोजचा पंप कधीपासून बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"महिना होऊन गेला," हर्षवर्धन म्हणाला. "तुम्हीच बंद करायला सांगितलात ना?"

"मी?"

सुजाता एकदम पुढे आली. "नेनु चेप्पानु, मॅडम! आपोद्दु अनि चेप्पानु! आपोद्दु असंच सांगितलं मी, या अम्मांनाच."

"हो, आपोद्दु," मी म्हटलं. "म्हणजे थांबवा."

तारामतीबाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "आपु म्हंजे थांबव, शोभाताई. आपोद्दु म्हंजे थांबवू नका."

'रोजू वाडालि'चा अर्थही मी विचारून घेतला. रोज वापरायचा.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की पंप बाळाला जपूनच दिलेला असतो. आईला श्वास पुरला नाही तर बाळालाही पुरत नाही, त्याचं वजन कमी भरतं, ते वेळेआधी येऊ शकतं. त्यांनी सुजाताला सांगितलं की या घराशी यापुढे हिंदीत बोलायचं आणि औषधाचा निरोप फोनवर लेखीही पाठवायचा.

'करू नका'मधला 'न' छपाईत गळला तर काय होतं, हे मी नव्या मुलांना वीस वर्षं सांगत आले. हर्षवर्धन माझ्याशी आज एकदाच बोलला. चहा हवा का, एवढंच.

मानसी पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. थकली असावी.

शनिवार, १८ जानेवारी

घरी आलो. माझी तेलुगू नातेवाइकांत पोचली आहे. तारामतीबाईंची बहीण उषा गौलीगुड्याहून भेटायला आली. तारामतीबाईंनी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं आणि शेवटी "काय की माय, आमच्या विहीणबाई इथल्या रिक्षावाल्यांना पण हौला करतील," म्हणजे येडं बनवतील, असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या परीने त्या मला सांभाळूनच घेत होत्या. मी हसले. मानसी उठून आत गेली.

पुण्याला परत जावं का, हा विचार केला. हर्षवर्धनला सुचवलं. "तुमची मर्जी," म्हणाला.

मानसीला विचारलं, तर म्हणाली, "जाऊ नकोस." आणखी काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

धुतलेले कपडे ठेवायला तिचं कपाट उघडलं. रुग्णालयातून निघताना घेतलेला नवा पंप ओढण्यांखाली होता. खोक्याचं सील तसंच होतं. जुना पंप रुग्णालयातच संपला होता, म्हणून तर हा घेतला. म्हणजे घरी आल्यापासून तिने एकदाही घेतलेला नाही.

ती काम संपवून बाहेर आली तेव्हा मी खोकं पलंगावर ठेवलं होतं.

"सकाळी पंप घेतलास का, म्हणून विचारलं तर तू हो म्हणालीस," मी म्हटलं.

ती खाली बसली. खोक्याला हात लावला नाही.

"मला कळलं होतं, आई."

"काय?"

"आपोद्दुचा अर्थ. तू म्हणालीस तेव्हाच."

"मग मला का विचारलंस, म्हणजे काय म्हणून?"

"तू काय म्हणतेस ते बघायचं होतं." तिने उशी मांडीवर घेतली. "मागच्या वेळी मी सकाळ-संध्याकाळ घेत होते. एकदाही चुकवला नव्हता. तरी गेलं. आता घेतला आणि गेलं तर मी घेतला म्हणून. नाही घेतला आणि काही झालं तर घेतला नाही म्हणून. दोन्हीकडे मीच. तू येऊन म्हणालीस, डॉक्टर थांबवा म्हणतात. मला वाटलं, सुटले."

"म्हणजे काही झालं असतं तर माझ्यावर आलं असतं."

"हो," ती म्हणाली. त्या क्षणी खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने नोंदवते.

"आणि हे आता? एवढं सगळं झाल्यावर?"

"हातात घेते. सील काढवत नाही."

माझ्यावर आलेलं माझ्याकडेच राहू द्यायला माझी हरकत नव्हती. या घरात माझी पत जायची ती गेलीच आहे. पण दवाखान्याने दुरुस्ती केली ती माझ्या चुकीची. हिंदीत बोला, लेखी पाठवा. मानसीच्या भीतीला त्यातलं काहीच पोचत नाही. मी गप्प बसले तर सगळे माझी तेलुगू सुधारत बसतील.

"सोमवारी डॉक्टरांकडे जायचं," मी म्हटलं. "हे तू त्यांना सांगायचंस."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग मी सांगेन. हिंदीत."

ती हसली, मग रडली. रडताना खोकली, तेव्हा मी सील फोडलं आणि पंप तिच्या हातात दिला. तिने डोळे मिटून घेतला, श्वास धरला, सोडला, चूळ भरून आली. मग पोटावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मी तिथून उठले नाही. बाळ हललं असावं, कारण तिने हात काढले आणि जेवायला काय आहे विचारलं.

सोमवार, २७ जानेवारी

हर्षवर्धन गाडी लावायला गेला होता. आम्ही दोघी आत गेलो. मानसी खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली ती तेलुगूत. न अडखळता, हातवारे करत, भाजीवालीसारखी भराभर. मला मधले दोन-चार शब्द सोडून काही लागलं नाही. एकदा तिने माझ्याकडे बोट केलं आणि मान हलवली. सिस्टर सुजाता गोळ्यांची पट्टी कापत होती, तिची कात्री थांबली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी उत्तर हिंदीत दिलं, मला कळावं म्हणून असेल. "मागच्या वेळी जे गेलं ते पंपामुळे गेलं असं मानायला मला काहीही आधार दिसत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जातं ते बहुतेक वेळा गर्भाची घडणच नीट झालेली नसते म्हणून. कोणाच्या घेण्या-न घेण्याने ते थांबत नाही. हे तुम्ही पुढच्या वेळी विचाराल तेव्हा पुन्हा सांगेन. दहादा विचारा. पण मनाने बंद करू नका, भीती वाटली की आधी फोन करा."

मानसीने विचारलं, "आणि आता जो महिना गेला..."

"बाळाची वाढ आज मोजू. मोजल्याशिवाय मी काही म्हणणार नाही."

मोजली. वजन किंचित कमी, पण मर्यादेत. दर पंधरा दिवसांनी बघायचं. डॉक्टरांनी भीतीसाठीही एका बाईंचा पत्ता दिला, त्यांच्याशी नुसतं बोलायचं, औषध नाही. मानसी म्हणाली जाईन. जाते का ते बघायचं.

हर्षवर्धनला तिने बाहेर व्हरांड्यात सांगितलं. मी आतच थांबले. काचेतून दिसत होतं. तो गाडीची किल्ली बोटात फिरवत ऐकत होता, मग फिरवायचा थांबला. नंतर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, तुम्ही अम्माला तरी सांगायचं होतं. ती सगळ्या खानदानात तुमची टिंगल करत सुटलीय."

"मला शुक्रवारी कळलं. आणि तेलुगू माझी कच्ची आहेच, त्यात खोटं काय."

गाडीत तो पुढे, आम्ही मागे. विद्यानगरच्या सिग्नलला गाडी थांबली.

"रागावलीस?" मानसीने विचारलं.

"हो."

"दिसत नाही."

"आता बोलले तर तू रडशील, आणि रडलीस की तुला दम लागतो. बाळ झाल्यावर बोलेन."

"तोवर विसरशील."

"नाही विसरणार," मी म्हटलं. "तारखेनिशी लिहून ठेवलंय."